फळी

पन्नासपैकी पन्नास कलमांत पास झालं होतं
मी बांधलेलं फेरीचं संकेतस्थळ.
हिरव्या खुणांचा तो कागद
मळ्यातल्या ऑफिसात, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून
मी टेबलाला सेलोटेपने चिकटवला होता.

मग चोडणहून शाणूबाब मांद्रेकर आले.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये;
अख्ख्या तिसवाडीचे आवाज नावानिशी पाठ.
नजर गेली त्याला आता अकरा वर्षं होतील.
खुर्ची चाचपून बसले, मोबाईल कानाशी धरला,
म्हणाले, "पळोवया तुझी फेरी."

मोबाईल वाचू लागला, घाईत, बिनचूक:
मुख्यपृष्ठ. आमच्याविषयी. मंत्र्यांचा संदेश.
छायाचित्रं. छायाचित्रं, आणखी.
शाणूबाबांचं बोट काचेवरून पुढे, पुढे,
भात निवडताना खडा शोधावा तसं.
शेवटी सापडलं:
"वेळापत्रक. चित्र."
आणि पुढे काही नाही.

"मग?" त्यांनी विचारलं.

चित्राला नाव दिलेलं होतं.
कलम तेवढंच मागत होतं.

त्या दिवशी त्यांना सोडायला मी रायबंदरच्या धक्क्यापर्यंत गेले.
पाच मिनिटांपूर्वीची सुटली होती.
"फेरी गेली गो बाय," ते म्हणाले, राग नव्हता,
रागापेक्षा ते वाईट होतं.
आम्ही उभे राहिलो. मांडवीला ओहोटी लागलेली,
चिखलाचा वास, दुचाकींची इंजिनं बंद.

पुढची आली तेव्हा मी प्रथमच नीट पाहिलं.
फेरी टेकली, आणि साखळीवरचा पोरगा
फळी सोडू लागला, थोडी, अजून थोडी,
पाणी जिथे होतं तिथवर.
सकाळी भरतीला हीच फळी
जवळजवळ सपाट पडली असेल.
नदीला कुणी सांगत नव्हतं
की बाई, ठरल्या उंचीवर ये.

शाणूबाब काठीने फळीची कड मोजत चढले.
एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला नाही.

मग मी माणसं बोलवायला लागले.
आवेलिना, पाव भाजून भाजून हात थरथरतात,
तिला मोठं बटण हवं, मधे भरपूर मोकळी जागा.
पंढरी, कासव गतीने वाचणारा, अक्षरं त्याच्यासाठी उड्या मारतात,
त्याला वाक्य हवं, तक्ता नको.
शाणूबाबांना तक्ताच हवा, वाक्य नको.
"इतकं बोलतंय कोण? वेळ सांग."
आणि रोझीनाला पांढरा प्रकाश टोचतो,
तिने म्हटलं, "काळोख दे," तर आवेलिनाला काळोखात दिसेना.

एकाच दारात चार जणांना कसं बसवायचं?
नाहीच बसवलं. दारं सैल केली.
आधी आडवे येणारे संदेश हटवले, वेळ सगळ्यांत वर आणली,
मग ज्याचं त्याने ठरवावं:
अक्षर केवढं, उजेड किती, तक्ता की बोलणं.
आठ वेळा चुकले. नवव्यांदा आवेलिना म्हणाली,
"आता पाव जळायच्या आत कळतं."

तपासणीच्या अहवालात या वेळी एक लाल खूण आली:
"एकच माहिती दोनदा दिली आहे."
साहेबांनी विचारलं, ही का राहिली?
मी म्हटलं, पंढरीसाठी आणि शाणूबाबांसाठी.
ते म्हणाले, कोणत्या कलमाखाली लिहू?
मी गप्प राहिले, त्यांनीही पेन खाली ठेवलं.

परवा फोन आला.
"बाय, आज परत फेरी चुकली."
माझ्या पोटात धस्स झालं.
"वेळ कळली नाही का?"
"कळली गो, पाच चाळीस. नीट सांगितलं त्याने."
पलीकडे कपबशीचा आवाज, कुणाचं तरी हसणं.
"पण चहा गरम होता,
आणि सांतानची गोष्ट अर्धी राहिली होती."